कात, कपाळ आणि रक्त

जव्हार-मोखाड्याच्या रानात खैर आहे. त्याच्या गाभ्याचे तुकडे उकळून कात काढणे हा कातकऱ्यांचा जुना धंदा. जंगलावर सरकारी कायद्यांची पकड बसली आणि तो बुडाला. विड्यात पडणाऱ्या या काताला शस्त्रक्रियेच्या इतिहासातही जागा आहे, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही.

कावसजी नावाचा मराठा शेतकरी जातीचा गाडीवान इंग्रज फौजेबरोबर बैल हाकत होता. 1792 च्या युद्धात तो टिपूच्या कैदेत सापडला आणि तिथे त्याचे नाक व एक हात कापला गेला. वर्षभर तो तसाच राहिला. मग पुण्याजवळ विटा करणाऱ्या जातीतल्या एका माणसाने त्याला नवे नाक बसवले. मुंबई इलाख्याचे दोन इंग्रज डॉक्टर, थॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले, ते बघत होते. ऑक्टोबर 1794 मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ने ही हकिकत चित्रासह छापली. तीत गाडीवानाचे नाव आहे, बघ्यांची आहेत. ज्याने नाक बसवले, त्याचे नाही.

कृती अशी : मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या खुंटावर बसवून आकार घ्यायचा, तो सपाट करून कपाळावर ठेवायचा आणि भोवती रेघ ओढायची. तेवढी कातडी सोडवायची, पण दोन डोळ्यांमधली अरुंद पट्टी तोडायची नाही. कातडी पिळून खाली वळवायची आणि खुंटाभोवती पाडलेल्या खाचेत बसवायची. वर ओला कात फासलेल्या कापडाचे पाच-सहा तुकडे. चार दिवस दुसरा उपचार नाही, त्यानंतर तूप. मधली पट्टी कापायची ती पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास.

सगळी विद्या त्या न तोडलेल्या पट्टीत आहे. तिच्यातून एक बारीक धमनी कपाळाकडे चढते. नव्या जागी रक्तवाहिन्या रुजेपर्यंत त्या कातडीला तीच जगवते. हे सारे सुश्रुताच्या खात्यावर घालण्याची आपली सवय जरा आवरायला हवी. सुश्रुतसंहितेत पानाने माप घेऊन गालाची कातडी वापरायला सांगितले आहे. कपाळाची रीत कारागिरांच्या हातांतून चालत आलेली. इटलीत टाग्लियाकोत्सीने 1597 मध्ये दंडाच्या कातडीचे नाक करण्याची रीत छापून प्रसिद्ध केली, पण त्यासाठी रुग्णाचा हात आठवडेच्या आठवडे चेहऱ्याशी बांधून ठेवावा लागे. लंडनमध्ये जोसेफ कार्प्यूने 1814 मध्ये पुण्याची रीत वापरली आणि 1816 मध्ये तिच्यावर पुस्तक लिहिले. भुलीचे औषध यायला अजून तीस वर्षे होती.

पुढचा मोठा टप्पा पहिल्या महायुद्धाचा. इंग्लंडमधल्या सिडकपच्या रुग्णालयात हॅरोल्ड गिलीज यांनी हजारो सैनिकांचे फाटलेले चेहरे जुळवले. त्यांच्या हाताखाली शिकलेले डॉ. नोशीर अंतिया मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात आले आणि त्यांनी ही विद्या कुष्ठरुग्णांकडे वळवली : बसलेली नाके, झडलेल्या भुवया, वाकडी झालेली बोटे. नंतर त्यांनी बरेच आयुष्य खेड्यांतल्या आरोग्यसेवेला दिले. मला हा प्रवास अगदी सरळ वाटतो. चेहरा दुरुस्त करणाऱ्याला रुग्ण उशिरा का येतो, हे कधीतरी विचारावेच लागते.

सौंदर्यासाठी केल्या जाणाऱ्या शस्त्रक्रियांची यादी आता जाहिरातींतूनच पाठ होते : नाक सरळ करणे, चरबी शोषणे, केसरोपण, स्तनांचा आकार बदलणे. त्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही. मोठा धोका मात्र अनेकदा रक्तातूनच येतो. सुरकुती भरायचे इंजेक्शन भुवयांच्या मध्ये चुकीच्या जागी गेले, तर ते कपाळाकडे चढणाऱ्या त्याच धमनीत शिरून मागे डोळ्याच्या रक्तवाहिनीपर्यंत पोचू शकते आणि दृष्टी जाऊ शकते. चरबीचा कण शिरेत शिरला तर फुप्फुस बंद पडू शकते. तंबाखू ओढणाऱ्याची कातडी रक्तवाहिन्या आखडल्याने शस्त्रक्रियेनंतर काळी पडू शकते. म्हणून ‘किती खर्च येईल’ याच्या आधी दोन प्रश्न विचारावेत : डॉक्टरची पदवी प्लास्टिक सर्जरीची आहे का, आणि काही बिघडले तर तिथे अतिदक्षता विभाग आहे का.

जव्हारचे पतंगशाह कुटीर रुग्णालय आणि मोखाड्याचे ग्रामीण रुग्णालय यांच्या परिसरात हा विषय वेगळ्या वाटेने येतो. चुलीवर किंवा चिमणीवर भाजलेल्या मुलाची हनुवटी छातीला चिकटते, बोटे तळव्याला. मांडीची पातळ कातडी काढून तिथे लावता येते. पण कलमाला स्वतःचे रक्त नसते. पहिले काही दिवस ते खालच्या जखमेतूनच पोसले जाते. रोग्याच्या अंगातच रक्त कमी असेल, तर ते धरण्याची खात्री कमी.

दुभंगलेल्या ओठाचे तर गणितच रक्ताचे आहे. ग्रहणात आईने विळीला हात लावला म्हणून ओठ फाटला, असे अजून म्हटले जाते, आणि बोल आईलाच लागतो. प्रत्यक्षात गर्भाच्या पहिल्या दोन-तीन महिन्यांत चेहऱ्याचे भाग जुळायचे राहतात. ओठ शिवण्यासाठी डॉक्टरांचा जुना ठोकताळा दहाचा आहे : वय दहा आठवडे, वजन दहा पौंड म्हणजे साडेचार किलो, हिमोग्लोबिन दहा ग्रॅम. पहिली अट वेळ पुरवतो. बाकीच्या दोन जव्हार-मोखाड्यात अडतात. 1992 मध्ये वावर-वांगणीच्या कुपोषणातून झालेल्या बालमृत्यूंनी ज्या भागाचे नाव राज्यभर गेले, तो हाच. टाळूला फट असली की बाळाला ओढून दूध पिता येत नाही, प्यायलेले नाकातून येते. अशा वेळी आईने दूध काढून, बाळाला उभे धरून, वाटी-चमच्याने सावकाश पाजायचे असते. हे शिकवायला सर्जन लागत नाही. आशाताई किंवा अंगणवाडीताई पुरतात. शस्त्रक्रियेतला निम्मा भाग हाच आहे, असे माझे मत.

पैशांची अडचण पूर्वीइतकी नाही. 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणीत व मोफत उपचारांत दुभंगलेला ओठ व टाळू येतात. अडचण पंचांगाची आहे. दिवाळी झाली की इथली कुटुंबे वसई-भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. तपासणीचे पथक अंगणवाडीत येते तेव्हा मूल भट्टीवर असू शकते. टाळू साधारण वर्ष-दीड वर्षाच्या आत मिटवावी लागते, कारण त्यानंतर बोलणे घडते. एक हंगाम हुकला तरी ती वेळ सरू शकते. टाळू वेळेत शिवली तरी अनेक मुलांना महिनोन्‌महिने उच्चार शिकवावे लागतात, आणि त्या शिकवणीची तारीख डिसेंबरात पडली तर मुलाला भट्टीवरून कोण आणणार, हे आधी भट्टीच्या मुकादमाशी बोलून ठरवावे लागते.