दोनशे तासांचा हिशेब

पायलट होण्याचा खर्च किती, असं कुणालाही विचारा, उत्तर फीच्या आकड्यात मिळतं. भारतातल्या फ्लाइंग स्कूलमधून व्यावसायिक पायलटच्या परवान्यापर्यंत, म्हणजे सीपीएलपर्यंत, पोचायला आज साधारण ४५ ते ६० लाख रुपये लागतात. विमान कंपन्यांच्या कॅडेट योजनांत हाच आकडा कोटीच्या घरात जातो. घरातली मंडळी मग तीन-चार संस्थांची माहितीपत्रकं समोर ठेवतात, दोन-तीन लाख कमी सांगणारी संस्था निवडतात आणि गावाकडची जमीन नाहीतर शहरातला फ्लॅट बँकेकडे तारण ठेवून मोकळी होतात. या सगळ्या हिशेबात वेळेची किंमत कुणी धरलेली नसते. दीड वर्षाचं प्रशिक्षण अडीच-तीन वर्षं रेंगाळलं, पुढे नोकरीसाठी आणखी थांबावं लागलं, की फीच्या आकड्यातली सगळी बचत व्याजात वाहून जाते. म्हणून संस्था निवडताना आणि पैसे भरताना फीच्या आधी कॅलेंडर पाहावं, असं माझं म्हणणं आहे.

हे का, ते परवान्याच्या अटी पाहिल्या की कळतं. नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए, सीपीएलसाठी एकूण २०० तासांचं उड्डाण मागतं. त्यातले १०० तास विद्यार्थ्याने स्वतःच्या जबाबदारीवर विमान चालवलेलं हवं. त्यातही २० तास एका गावाहून दुसऱ्या गावी जाणारी क्रॉस कंट्री उड्डाणं हवीत, आणि एक खेप किमान ३०० सागरी मैलांची, म्हणजे सुमारे ५५५ किलोमीटरची, वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर उतरून केलेली. शिवाय रात्रीचं उड्डाण ५ तास आणि केवळ उपकरणांकडे पाहून विमान चालवण्याचे १० तास. प्रत्येक उड्डाणाची नोंद लॉगबुकात एका ओळीत होते: तारीख, विमानाचा नोंदणी क्रमांक, कुठून कुठे, सोबत इन्स्ट्रक्टर होता की विद्यार्थी एकटा, दिवस की रात्र. अभ्यासाचं पुस्तक रात्रभर जागून संपवता येतं, पण ही ओळ तशी भरता येत नाही. त्यासाठी धडधाकट विमान, रिकामा इन्स्ट्रक्टर, स्वच्छ हवा, इंधन आणि मोकळी धावपट्टी या पाचही गोष्टी एकाच वेळी जुळून याव्या लागतात. त्यातली एक जरी चुकली तरी त्या दिवशी लॉगबुकात ओळ पडत नाही. हॉस्टेलचं भाडं आणि बँकेचं व्याज मात्र चालूच राहतं.

आता साधं गणित करू. एक शिकाऊ विमान दिवसाला ४ तास उडतं आणि महिन्यात २० दिवस उडतं, असं धरलं तर महिन्याला ८० तास मिळतात. त्या एका विमानामागे पाच विद्यार्थी असले, तर प्रत्येकाच्या वाट्याला १६ तास येतात आणि २०० तास साडेबारा महिन्यांत पुरे होतात. तेच दहा विद्यार्थी असले, तर वाट्याला ८ तास येतात आणि पंचवीस महिने लागतात. फी दोन्हीकडे तीच असू शकते. शिवाय वर्षाचे बारा महिने सारखे नसतात. शिकाऊ उड्डाण डोळ्यांनी जमीन आणि क्षितिज पाहत करायचं असतं, त्यामुळे बारामती असो, धुळे असो की गोंदियाजवळची बिरसी, पावसाळ्यात ढग खाली उतरले की उड्डाणं थांबतात. उत्तर प्रदेशात अमेठी जिल्ह्यातल्या फुरसतगंजला इंदिरा गांधी राष्ट्रीय उड्डाण अकादमी आहे, तिथे हिवाळ्यातलं धुकं सकाळ खातं. विमानतळाची वर्दळ हाही एक मुद्दा असतो. ज्या बॉम्बे फ्लाइंग क्लबशी जे. आर. डी. टाटांच्या १९२९ सालच्या देशातल्या पहिल्या परवान्याचं नाव जोडलेलं आहे, तो मूळचा जुहूचा. मुंबईच्या गजबजलेल्या आकाशात शिकाऊ विमानांना वाव उरला नाही, आणि क्लबचं उड्डाण प्रशिक्षण धुळ्याला गेलं.

म्हणून संस्थेत चौकशीला गेल्यावर फीच्या आधी काही प्रश्न विचारायचे. तुमच्याकडे विमानं किती, हा प्रश्न पुरेसा नाही. त्यातली आज उडण्याजोगी किती आणि दुरुस्तीसाठी हँगरमध्ये पडून किती, हे विचारायला हवं. सध्या उड्डाणाच्या टप्प्यावर विद्यार्थी किती आणि इन्स्ट्रक्टर किती? देखभालीचे इंजिनियर संस्थेचे स्वतःचे आहेत की बाहेरून यावे लागतात? सगळ्यात महत्त्वाचं, मागच्या दोन तुकड्यांतल्या मुलांना २०० तास पुरे करायला किती महिने लागले? कार्यालयात मिळालेलं उत्तर हॉस्टेलमधल्या चार मुलांकडून पडताळून घ्यावं. त्यांची लॉगबुकं पाहायला मिळाली तर फारच उत्तम, कारण दोन नोंदींमधलं अंतर किती दिवसांचं आहे ते तिथे उघड दिसतं. डीजीसीएनेही २०२५ च्या ऑक्टोबरपासून फ्लाइंग स्कूलची प्रतवारी जाहीर करायला सुरुवात केली आहे. पहिल्याच यादीत वरच्या दोन श्रेणींत देशातली एकही संस्था बसली नाही. म्हणजे नुसत्या नावावर विसंबावं अशी परिस्थिती नाही. प्रतवारीकडे सुरुवातीची चाळणी म्हणून जरूर पाहावं, पण आपण जाणार त्या हंगामात, त्या तळावर किती विमानं उडत आहेत, हे तिथे जाऊनच कळतं.

उशिराची किंमत रुपयांत मांडली की हे अधिक स्पष्ट होतं. समजा, ५० लाखांचं शैक्षणिक कर्ज ११ टक्के व्याजाने घेतलं आणि सगळी रक्कम पहिल्याच दिवशी संस्थेला दिली. त्यावरचं व्याज महिन्याला सुमारे ४५,८०० रुपये होतं. प्रशिक्षण वर्षभर लांबलं तर साडेपाच लाख रुपये निव्वळ थांबण्यापायी गेले. फीत तीन लाख वाचवून निवडलेली संस्था अशा रीतीने अडीच लाखांनी महाग पडते, आणि त्यात वर्षभराचं राहणं-जेवण धरलेलंच नाही. शिक्षण आणि नोकरीची वाट पाहणं मिळून तीन वर्षं गेली, तर साध्या व्याजानेही कर्ज ६६.५ लाखांवर पोचतं. ते पंधरा वर्षांत फेडायचं, तर हप्ता महिन्याला ७५ हजारांच्या पुढे जातो. साडेसात लाखांच्या वरच्या शैक्षणिक कर्जाला सरकारी बँका सहसा तारण मागतात, त्यामुळे हप्ते थकले तर प्रश्न मुलाच्या करिअरपुरता राहत नाही, आईवडिलांच्या डोक्यावरच्या छपरापर्यंत जातो. जुन्या करप्रणालीत शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर वजावट मिळते, पण ती घ्यायला आधी घरात करपात्र उत्पन्न असावं लागतं.

यावर पहिला उपाय म्हणजे पैसे टप्प्याटप्प्याने भरणं. बँकेकडूनही रक्कम तशीच, लागेल तेव्हा उचलायची. न उचललेल्या पैशावर व्याज लागत नाही. प्रवेशाच्या वेळी थोडी रक्कम, मग पहिलं सोलो (एकट्याने केलेलं पहिलं उड्डाण), पन्नास तास, शंभर तास अशा झालेल्या उड्डाणांना बांधलेले हप्ते, असा करार आग्रहाने मागावा. मध्येच सोडावं लागलं तर न उडालेल्या तासांचे पैसे किती दिवसांत परत मिळतील, जास्तीचे तास लागले तर दर काय, परीक्षेच्या उड्डाणाचं विमानभाडं कोण देणार, हे सगळं कागदावर हवं. फीवर जीएसटी लावलेला दिसला तर तेही विचारावं, कारण डीजीसीएमान्य संस्थांच्या मान्यताप्राप्त उड्डाण अभ्यासक्रमांना हा कर लागू नाही, असा खुलासा जीएसटी परिषदेने सप्टेंबर २०२४ मध्ये केलेला आहे. एकरकमी भरल्यास सवलत देऊ, असं संस्था म्हणेल. ती सवलत आकर्षक वाटते, पण पैसे हातात आल्यावर विद्यार्थ्याला वेळेत उडवण्याची संस्थेला घाई उरत नाही, आणि संस्था अडचणीत आली तर विद्यार्थी रांगेतला एक साधा येणेकरी होतो.

यावर हमखास ऐकू येणारा आक्षेप असा, की देशात पायलट कमी आहेत, मग नोकरीची चिंता कशाला? तुटवडा खोटा नाही. २०२३ मध्ये एअर इंडियाने ४७० आणि इंडिगोने ५०० विमानांची मागणी नोंदवली. २०२५ च्या डिसेंबरात वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम पाळताना इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली. पण कंपन्यांना सगळ्यात जास्त चणचण भासते ती कॅप्टनची, आणि कॅप्टनपदासाठीच्या परवान्याला १,५०० तास लागतात. २०० तासांचा नवा परवानाधारक ती जागा भरू शकत नाही. त्याला आधी एअरबस ए३२० किंवा बोइंग ७३७ सारख्या विमानाचं टाइप रेटिंग, म्हणजे त्या प्रकारचं विमान चालवण्याची पात्रता, मिळवावं लागतं, त्याचा खर्च साधारण १५ ते २० लाख आणखी. मग कंपनीने भरती काढायला हवी, आणि भरती लाटांनी येते. किंगफिशर २०१२ मध्ये, जेट एअरवेज २०१९ मध्ये आणि गो फर्स्ट २०२३ मध्ये बंद पडली, तेव्हा प्रत्येक वेळी मोठ्या विमानांचा अनुभव असलेले पायलट नवशिक्यांच्या पुढे रांगेत येऊन उभे राहिले. तेजीच्या बातम्या वाचून प्रवेश घेणाराही एकटा नसतो. डीजीसीएने २०२० मध्ये ५७८ सीपीएल दिले होते, २०२३ मध्ये १,६२२ दिले. शिवाय परवाना हाती असला तरी उपकरणांवर उडण्याचं इन्स्ट्रुमेंट रेटिंग आणि मेडिकल वेळच्या वेळी नव्याने करावं लागतं, म्हणजे वाट पाहणंही फुकटचं नसतं. टाइप रेटिंग आणि किमान वर्षभराचे हप्ते यांची तजवीज प्रवेशाआधी दिसत नसेल, तर खर्चाचा आकडाच चुकीचा धरला आहे असं समजावं.

मग परदेशी जावं का? अमेरिका, दक्षिण आफ्रिका, न्यूझीलंड इथे हवामान आणि विमानांची उपलब्धता पाहता तास लवकर होतात, हे खरं. कॅलेंडरच्या कसोटीवर हा पर्याय कधी कधी सरस ठरतो. पण परत आल्यावर भारतीय परवान्यात रूपांतर करायला डीजीसीएच्या परीक्षा आणि उड्डाण चाचण्या द्याव्याच लागतात, त्या अडल्या तर तिकडे वाचवलेले महिने इकडे जातात. रुपया घसरला तर अर्ध्यावर आलेलं प्रशिक्षण महाग होतं, ते वेगळंच. कॅडेट योजनेचा आक्षेप अधिक वजनदार आहे: पैसे जास्त, पण टाइप रेटिंग आत धरलेलं आणि पुढे कंपनीचं दार. ज्यांना झेपतं त्यांच्यासाठी तो रास्त सौदा असू शकतो, कारण जास्तीचे पैसे मुख्यतः वाट पाहण्याचा काळ कमी करण्यासाठीच दिले जातात. फक्त करारात नोकरीची हमी लिहिली आहे की कंपनीच्या गरजेनुसार विचार केला जाईल, एवढंच म्हटलं आहे, ते सहीआधी वाचावं. या दोन वाक्यांतला फरक मंदीच्या वर्षी लाखमोलाचा ठरतो.

शेवटचा आक्षेप सगळ्यात खरा आहे: एवढी सावधगिरी सांगायची, तर मध्यमवर्गीय मुलांनी पायलट व्हायचंच नाही का? व्हायचं, पण स्वस्त पायऱ्या आधी चढायच्या. पहिली पायरी मेडिकलची. क्लास टू आणि मग क्लास वन तपासणीला काही हजार रुपये लागतात, आणि रंगांधळेपणासारखी अडचण तिथेच कळते. दुसरी पायरी डीजीसीएच्या विषयांची: एअर नेव्हिगेशन, हवामानशास्त्र, हवाई नियम, तांत्रिक विषय. प्रत्येकात ७० टक्के लागतात. क्लास लावला तरी खर्च काही लाखांत बसतो, आणि हे पेपर उड्डाण सुरू करण्याआधी देता येतात. ते सुटले की विमानतळावर गेलेला महिना उड्डाणासाठीच खर्ची पडतो. पदवी बाहेरून चालू ठेवली तर मंदीच्या काळात दुसरं काम धरता येतं. मेडिकलमध्ये अडकलेला मुलगा काही हजार गमावून वाट बदलतो, पेपरांत अडकलेला काही लाख गमावतो, पण आधी पूर्ण फी भरून मग या अडचणी सापडल्या तर घर गहाण पडलेलं असतं. श्रीमंत घराला हा क्रम चुकला तरी परवडतो, बाकीच्यांना नाही. म्हणून तारणाच्या कागदांवर सही करण्याची वेळ ठरवताना एकच अट ठेवावी: मेडिकल हातात, पेपर सुटलेले, संस्थेचे हप्ते तासांना बांधलेले आणि परवान्यानंतरच्या वर्षाचे पैसे बाजूला. यातलं एखादं राहिलं असेल, तर पुढच्या तुकडीला प्रवेश घ्यावा. तुकड्या दरवर्षी निघतात.