गाडी उंच करावी काय?

घरांत नवें वाहन आलें म्हणजे पहिले चार दिवस पूजा, पेढे आणि कौतुक ह्यांत जातात. पांचव्या दिवसापासून सुधारणांच्या सूचना सुरू होतात. पिकअप गाडीच्या बाबतींत त्यांपैकीं एक सूचना अलीकडे ठरलेलीच असते: "गाडी पुढून बसकी दिसते, थोडी उंच करून घेऊं." ही सूचना बहुधा घरांतील धाकट्या मंडळींकडून येते, आणि वडील मंडळी खर्चाचें कारण सांगून तिला नकार देतात. आमच्या मतें हा वाद पैशावरून व्हावा असा नाहीं. गाडी कोणतें काम करणार, कोणत्या वाटेनें जाणार आणि तींत कोण बसणार, ह्या तीन गोष्टींवरून त्याचा निकाल लागला पाहिजे. म्हणून ह्या प्रश्नाचा साधकबाधक विचार येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

विचार अधांतरीं राहूं नये म्हणून एक ठिकाण डोळ्यांपुढें ठेवूं. यवतमाळ जिल्ह्यांतील केळापूर हें गांव जगदंबेच्या देवस्थानामुळें प्रसिद्ध आहे. नवरात्रांत तेथें मोठी यात्रा भरते. तालुक्याचा कारभार पांढरकवड्याहून चालतो. नागपूरहून हैदराबादेकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग, जो पूर्वीं क्रमांक ७ होता व आतां क्रमांक ४४ आहे, ह्याच तालुक्यांतून जातो. त्यावरून वाहनें भरधाव धांवतात. आणि तो सोडून थोडें आंत वळलें कीं कपाशीची काळी जमीन व तिच्यांतून जाणारी पांदण लागते. येथील एखाद्या एकत्र कुटुंबाची दोन रांगांच्या केबिनची एक पिकअप आहे असें समजूं. मृगांत ती खताच्या गोण्या घेऊन पांदणीनें शेतावर जाते, दिवाळीनंतर कापूस घेऊन जिनिंगकडे जाते, आणि नवरात्रांत तिच्याच केबिनमध्यें आजीबाई व नातवंडें बसून देवीच्या दर्शनास जातात. एकाच गाडीनें हीं सर्व कामें करावयाचीं आहेत.

आतां गाडी पुढून बसकी कां दिसते तें पाहूं. पुष्कळ पिकअप गाड्या रिकाम्या असतांना पुढें किंचित् खालीं व मागें वर असतात. कारखानदारानें हें मुद्दाम केलेलें असतें. ह्यामागचें शास्त्र विदर्भांतील बंडी हांकणाऱ्यास पुस्तकावांचून अवगत होतें. बंडींतील ओझें आंसाच्या मागें जास्त झालें कीं बंडी उलाळ होते: जूं वर उचललें जातें व बैलांच्या गळ्यांस ओढ बसते. ओझें फार पुढें आलें तर बैलांच्या मानेवर भार पडतो. म्हणून शहाणा गडी ओझें आंसावर तोलून भरी. पिकअपमध्यें ओझ्याची जागा मागें, म्हणजे मुख्यतः मागच्या आंसावर असते. ओझें पडलें कीं मागच्या कमानी, ज्यांस आपण पाटे म्हणतों, त्या दबतात व गाडीची शेपटी खालीं येते. रिकामेपणीं शेपटी वर ठेविली असेल तरच भरलेली गाडी सपाट राहते.

ह्यावरून लेव्हलिंग किटचें खरें स्वरूप लक्षांत येईल. हें साहित्य गाडीचें फक्त नाक वर करतें; ही उंची साधारण दीड ते अडीच इंच असते. ज्या गाड्यांच्या पुढच्या बाजूस वेटोळ्याची स्प्रिंग असते, उदाहरणार्थ इसुझूची व्ही-क्रॉस किंवा टोयोटाची हायलक्स, तेथें स्प्रिंगच्या वर एक जाड चकती बसवितात किंवा स्प्रिंगच बदलतात. ज्या गाड्यांत पिळाची दांडी असते, तेथें तिचा पीळ वाढवून नाक उचलतात. सस्पेन्शन लिफ्ट हा ह्यापेक्षां मोठा उद्योग आहे. त्यांत चारही बाजूंच्या स्प्रिंगा, पाटे, शॉकअ‍ॅब्सॉर्बर व कित्येक दांड्या बदलून सबंध गाडी चार-सहा इंच वर घेतात. अमेरिकेंत ह्या दोन्ही गोष्टींचा मोठा व्यापार चालतो, आणि तेथूनच हा शोक चित्रांच्या द्वारें आपल्या तरुणांपर्यंत आला आहे. मात्र अमेरिकेंत पुष्कळ पिकअप गाड्या वर्षाचे बहुतेक दिवस रिकाम्याच फिरतात. आपल्याकडे ती बहुधा भरलेली असते. रिकामेपणीं सपाट केलेली गाडी ओझें पडतांच उलाळ होणार, हें उघड आहे.

उलाळ बंडीनें बैलांस त्रास होई. उलाळ मोटारीनें समोरून येणाऱ्याच्या जिवास धोका होतो. साधें त्रैराशिक करून पाहूं. पुढच्या व मागच्या आंसांत तीन मीटर अंतर आहे, आणि नाक पांच सेंटीमीटर, म्हणजे दोन इंच उचललें आहे. हा साठांस एक असा चढ झाला. दिव्याचा झोतही त्याच चढानें वर जातो. म्हणजे गाडीपुढें तीस मीटरांवर तो पन्नास सेंटीमीटर वर पडतो. जो झोत रस्त्यावर पडावयाचा तो समोरच्या चालकाच्या डोळ्यांत जातो. त्यांत मागें ओझें पडून शेपटी आणखी दोन इंच दबली कीं हा हिशेब दुप्पट होतो. म्हणून नाक उचलल्यावर दिवे पुन्हा खालीं लावून घेणें आणि पुढच्या चाकांचें अलाइनमेंट करून घेणें, हीं कामें त्याच दिवशीं झालीं पाहिजेत. दुसरें न केल्यास टायर एका कडेनें झिजतात व गाडी एका बाजूस ओढूं लागते.

आतां पांदणीचा विचार करूं. कारण उंचीच्या बाजूनें दिलें जाणारें सर्वांत सबळ कारण तेंच आहे. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि चाकास चिकटून बसते. टायरांच्या खांचा मातीनें भरल्या कीं टायर गुळगुळीत होतो व गाडी जागच्या जागीं चाकें फिरवीत राहते. अशा वेळीं उपयोगी पडते ती टायरांची पकड आणि चारही चाकांस मिळणारी इंजिनाची शक्ति. सांटा चार इंच वर असल्यानें चिखलांत पकड येत नाहीं. शिवाय पुष्कळांच्या ध्यानांत न येणारी गोष्ट अशी कीं, मागचा आंस अखंड असलेल्या गाडींत स्प्रिंगा किंवा पाटे वाढवून आंस वर जातच नाहीं. त्याच्या मध्यावर जो दातेचक्रांचा गोळा असतो, तो चाकोरीच्या मधल्या उंचवट्यास पूर्वीं जेथें टेकत होता तेथेंच टेकतो. तो वर न्यावयाचा तर चाकच मोठें पाहिजे; टायराचा व्यास दोन इंच वाढविला तर आंस एक इंच वर जातो. बंडीचीं चाकें एवढीं मोठीं कां असत, ह्याचें उत्तर ह्यांतच आहे. परंतु मोटारीचा टायरही मनास येईल तेवढा वाढवितां येत नाहीं. २८ इंचांच्या जागीं ३० इंचांचा टायर घातला, तर कांटा ताशीं ६० किलोमीटर दाखवितो तेव्हां गाडी ६४ नें धांवत असते. आणि ब्रेक व इंजिन दोहोंवर जादा भार पडतो.

उंचीचा एक खरा फायदा मात्र मान्य केला पाहिजे. नाल्याच्या काठावर चढतांना किंवा शेताचा धुरा ओलांडतांना पुढचा बंपर जमिनीस घांसत असेल, तर इंच-दीड इंच उंचीनेंही अडचण दूर होते. पण असा धुरा दिवसांतून किती वेळां ओलांडावा लागतो, आणि त्याच ठिकाणीं चार घमेलीं मुरूम टाकून काम भागतें कीं नाहीं, हें आधीं पाहावें.

आतां पुन्हा महामार्गावर येऊं. दोन चाकांमधील रुंदीच्या निम्म्यास गाडीच्या गुरुत्वमध्याच्या उंचीनें भागलें असतां जो आंकडा येतो, तो जितका मोठा तितकी गाडी उलटण्यास कठीण. रुंदी १५० सेंटीमीटर व गुरुत्वमध्य ७५ सेंटीमीटरांवर धरला तर हा आंकडा १ येतो. गाडी दहा सेंटीमीटर उचलली तर गुरुत्वमध्यही जवळजवळ तितकाच वर जातो व आंकडा ०.८८ वर उतरतो. त्यांत कापूस हा वजनानें हलका व आकारानें मोठा माल. तो केबिनच्या वर रचून, जाळीनें आवळून नेतात. म्हणजे गुरुत्वमध्य आधींच उंच गेलेला असतो. टिपेश्वरचें अभयारण्य ह्याच भागांत आहे आणि रात्रीं रोही किंवा रानडुकरें एकाएकीं रस्त्यावर येतात. अशा क्षणीं चालक जोरानें चाक वळवितो. त्या एका क्षणांत गाडी चाकांवर राहते कीं कुशीवर जाते, हें ज्यावर ठरतें त्यांत हा आंकडा मुख्य आहे. केबिनमध्यें मुलें बसलेलीं असतील, तर ह्या हिशेबास घरच्या जमाखर्चापेक्षां अधिक मान द्यावा लागेल.

ब्रेकांचाही एक बारकावा आहे. पुष्कळ मालवाहू गाड्यांत मागच्या आंसाजवळ एक झडप असते. सांटा व आंस ह्यांतील अंतरावरून ती ओझें ओळखते व त्याप्रमाणें मागच्या ब्रेकांस दाब देते. मागची बाजू उंच केली म्हणजे भरलेली गाडीही त्या झडपेस रिकामी भासते आणि मागच्या चाकांस ब्रेक कमी मिळतो. काम करणाऱ्या मिस्त्रीस ह्या झडपेची माहिती आहे कीं नाहीं, हें विचारून घ्यावें. त्याचप्रमाणें पुढच्या आंसाखालीं ठोकळे ठेवून उंची वाढविणें, किंवा मागें ठोकळ्यावर ठोकळा रचणें, हे प्रकार कोणी कितीही स्वस्तांत सांगितले तरी करूं देऊं नयेत.

आपल्याकडे ह्या शोकापेक्षांही अधिक चालणारी दुसरी रीत आहे, ती मागच्या कमानींत एखादा पाटा वाढविण्याची. पाटा वाढला कीं गाडी जास्त ओझें सोसते असें मालकास वाटतें. खरें पाहतां गाडी दबलेली दिसत नाहीं इतकेंच होतें. सांटा, आंस, ब्रेक व टायर ह्यांची शक्ति पूर्वींचीच राहते. रिकामी असतांना ही गाडी आंतल्या माणसांचीं हाडें खिळखिळीं करते. नोंदलेल्या वजनापेक्षां जास्त माल भरल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ प्रमाणें २०,००० रुपये व जादा प्रत्येक टनामागें २,००० रुपये दंड आहे, तो निराळाच.

कायद्याचें बोलणें निघालेंच आहे तर तेंही पुरें करूं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें कलम ५२ असें सांगतें कीं, नोंदणीपत्रांतील तपशील कारखानदाराच्या मूळ तपशिलाहून भिन्न होईल असा फेरफार गाडींत करतां येत नाहीं. जानेवारी २०१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें केरळांतील एका प्रकरणांत ह्या कलमाचा अर्थ कडकपणेंच लावला. त्याच वर्षीं झालेल्या दुरुस्तीनें आलेल्या कलम १८२अ प्रमाणें, परवानगी नसलेल्या प्रत्येक फेरफारास मालकावर ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊं शकतात. विमा कंपनीस न कळवितां केलेला फेरफार अपघातानंतर भरपाईच्या आड येऊं शकतो. चार भावांच्या नांवचा सामाईक पैसा जींत गुंतला आहे, अशा गाडीबाबत हा धोका पत्करण्यापूर्वीं चौघांचीही संमति हवी.

मग करावें काय? आमची सूचना अशी आहे. प्रथम एक टेप घेऊन चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डाच्या कडेपर्यंतची उंची मोजावी. एकदां गाडी रिकामी असतांना व एकदां नेहमींच्या ओझ्यानें भरलेली असतांना. भरलेली गाडी सपाट असेल तर तिला हात लावण्याचें कारण नाहीं. रिकामेपणींही मागची बाजू बसलेली असेल, किंवा डावी-उजवी बाजू सारखी नसेल, तर पाटे थकले आहेत. कारखान्याच्या मापाचे नवे पाटे घालावे. हें काम कायदेशीर आहे, आणि गेलेली उंची ह्याच मार्गानें परत येते. त्यानंतर टायर पाहावे, व मंजूर मापांतच चिखलाच्या खोल खांचांचे घ्यावे. ओझें मागच्या दाराशीं न भरतां केबिनकडे सरकवून भरावें. बंडीचा नियम येथेंही लागू आहे. गाडी अजून घ्यावयाचीच असेल, तर जमिनीपासूनची उंची व चारचाकी ओढ हीं कारखान्यांतूनच असलेली गाडी घ्यावी, कारण त्या उंचीसाठीं ब्रेक, दिवे व दांड्या एकत्र जुळविलेल्या असतात. एवढें करूनही नाक घांसत असेल, गाडी बहुधा रिकामीच फिरत असेल, आणि परिवहन कार्यालय, गाडी विकणारा अधिकृत विक्रेता व विमा कंपनी ह्या तिघांनींही लेखी होकार दिला असेल, तरच दीड इंचाच्या आंतील लेव्हलिंगचा विचार करावा.

आणखी एक मोजमाप घरांतल्या घरांत होण्यासारखें आहे. गाडी अंगणांत उभी करून घरांतील सर्वांत वडील व्यक्तीस केबिनमध्यें चढावयास सांगावें. पायरी आज गुडघ्याइतकी असेल आणि ती आणखी चार इंच वर न्यावयाची असेल, तर त्यांचा अभिप्राय सर्वांनीं शांतपणें ऐकून घ्यावा. गाडी सर्व घराची असेल, तर तिची उंचीही सर्व घरास झेपेल अशीच असली पाहिजे.