मिरची वाळव की वाळलेली मिरची?

निपाणीहून बेळगावला निघालं की वाटेत संकेश्वर लागतं. संकेश्वरी मिरची तिथलीच. समजा, तिच्या पोत्यावर कुणी इंग्रजीत दोनच शब्द लिहिले : 'ड्राय चिलीज'. आता सांगा, आत वाळलेल्या मिरच्या आहेत, की 'मिरच्या वाळव' असा आजीचा हुकूम आहे?

दोन्ही अर्थ बरोबर! पहिल्यात 'ड्राय' विशेषण, दुसऱ्यात क्रियापद. मराठीत असा घोळ होत नाही. 'वाळव' म्हटलं की काम, 'वाळलेली' म्हटलं की वर्णन. शेपटी बघितली की शब्दाची जात कळते.

इंग्रजीलाही शेपट्या होत्या बरं का! हजारेक वर्षांपूर्वी तिथेही 'कोरडा' आणि 'वाळवणे' या शब्दांचे शेवट वेगवेगळे होते. बोलून बोलून ते झिजले आणि दोघांचंही 'ड्राय' झालं.

मग ओळखायचं कसं? चिमुकला 'द' कुठे बसतो ते बघा. 'ड्राय द चिलीज' : 'द' मध्ये घुसला, म्हणजे हुकूम, म्हणून क्रियापद. 'द ड्राय चिलीज' : 'द' सगळ्यांच्या पुढे उभा, म्हणून विशेषण. तरी शंका असेल तर 'व्हेरी' लावा. 'व्हेरी ड्राय' चालतं. पण क्रियापदाला लावून 'व्हेरी ईट' म्हणालात तर बाई हसतील!

पण खरी गंमत आपल्या शेजारच्या कन्नडमध्ये आहे. 'हुडुग बंद' म्हणजे मुलगा आला. (दुकान बंद असतं ते 'बंद' नव्हे हं, यातला शेवटचा 'द' पूर्ण म्हणायचा.) आता शब्दांची अदलाबदल करा : 'बंद हुडुग'. अर्थ झाला, आलेला मुलगा! अक्षर एकही बदललं नाही, नुसती जागा बदलली आणि क्रियापद विशेषणाच्या कामाला लागलं. गल्लीत कन्नड ऐकत वाढलेल्या मुलांच्या कानाला ही युक्ती आधीच ठाऊक असते. त्यामुळे मला विचाराल तर, इंग्रजीचा हा धडा पुण्याच्या पोरांपेक्षा बेळगावच्या पोरांना सोपा जायला हवा.

आता एक काम तुमच्याकडे. नुकत्याच रंगवलेल्या बाकावर 'वेट पेंट' अशी पाटी असते. 'वेट' म्हणजे ओला, आणि 'ओलं कर' सुद्धा! यातलं कोणतं, ते ठरवा. मात्र हुकूम समजून बाकावर बादलीभर पाणी ओतू नका.