टीसी न घेता

सकाळी ९:१५. बीड जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, डिसेंबर महिना. ऑपरेटर ताई गटसाधन केंद्राचं कुलूप काढतात, आधी इन्व्हर्टरचा दिवा बघतात. नेमणूक कंत्राटी. यूडायस प्लसला, म्हणजे शाळांच्या माहितीच्या केंद्र सरकारच्या पोर्टलवर, कुठल्याही शाळेचं काही अडलं, की गुरुजी इथेच येतात.

१०:००. पहिले गुरुजी. जनरल रजिस्टर फडक्यात बांधलेलं. शाळेचा अकरा अंकी नंबर ताई न बघता मारतात. २७ महाराष्ट्र, पुन्हा २७ बीड, मग तालुका, गाव, शाळा. जीपी (सर्वसाधारण माहिती), ईपी (प्रवेश), एफपी (सुविधा). हे तीन फॉर्म प्रत्येक मुलाचे. २०२२-२३ च्या आधी वर्गाचा नुसता आकडा जायचा. तेव्हा काम लवकर उरकायचं आणि आकडे फुगायचे.

११:३०. रजिस्टरात ‘वैष्णवी’, आधारवर ‘वैशनवी’. जुळत नाही. दुरुस्तीला आईचा रोज बुडणार, एसटीचं भाडं वेगळं, फी वेगळी. आधार वैध नसलं तर मूल संचमान्यतेत धरताना अडतं, आणि शिक्षकांची पदं संचमान्यतेवर ठरतात. म्हणून गुरुजीच मायलेकीला मोटारसायकलवर नेणार. पेट्रोल पदरचं.

१:४०. सर्व्हर बसला. भाकरी, शेंगदाण्याची चटणी. चहा गुरुजींकडून.

३:००. चौथीतला एक मुलगा. दिवाळीनंतर आईबापाबरोबर ऊसतोडीला गेलाय, कर्नाटकात.

“हंगामी वसतिगृहात का नाही ठेवला?”

“धाकटी बहीण सांभाळायला नेलाय, ताई. पाडव्यापर्यंत येतील.”

स्क्रीनवर शाळा सोडल्याचे पर्याय आहेत: टीसी घेऊन गेला, टीसी न घेता गेला. पाडव्याला येणाऱ्याचा रकाना नाही. ‘टीसी न घेता’ केलं की नाव ड्रॉपबॉक्समध्ये. तिथून दुसऱ्या शाळेनं उचललं तर ठीक, नाही तर तिथेच पडून. पटावर ठेवलं तर दिल्लीच्या हिशेबात तो रोज वर्गात.

ताई ऊसतोड टोळीच्या मुकादमाचा नंबर मागतात, स्वतःच्या फोनवरून लावतात. “पोरगं तिकडं शाळेत बसतं का?”

“फडात कुठली शाळा, बाई.”

नाव पटावर राहतं. मीही तेच केलं असतं. रजिस्टरात मात्र शेऱ्याच्या रकान्यात ताई गुरुजींकडून लिहून घेतात: स्थलांतर, ऊसतोड. पोर्टलवर हे कुठेच जाणार नाही.

५:२०. स्क्रीनवर वैष्णवीचं नाव अजून लाल. बाकी शाळा पूर्ण.

“पुढचे गुरुजी कोण? बसा. पट किती?”

“एकेचाळीस. सतरा फडावर.”