काशीहून काय आणले?

आमचे घर पंढरीस, महाद्वारापासून हाकेच्या अंतरावर. त्यामुळे परतीच्या वाटेवरचा यात्रेकरू कसा दिसतो, हे आम्ही बाळपणापासून पाहत आलो आहोत. चंद्रभागेचे स्नान झाले, नामदेव पायरीस मस्तक टेकले, विठुरायाचे पाय दिसले, आणि एस. टी. सुटावयास अर्धा तास उरला की तोच भाविक प्रदक्षिणेच्या वाटेवरील दुकानांपुढे बोटे मोजीत उभा राहतो. बुक्का कोणाला, अष्टगंध कोणाला, तुळशीची माळ कोणाला, चुरमुऱ्यांचा प्रसाद किती घरी वाटावयाचा, असा त्याचा हिशेब चाललेला असतो. शेजारच्या आजीची कुंकवाची पुडी राहिली म्हणून गाडीतून उतरून धावत आलेल्या बायका आम्ही पाहिल्या आहेत. खरे सांगावयाचे तर आम्हांस त्या धावपळीचे थोडे हसू येत असे. गेल्या वर्षी आश्विनात तोच हिशेब काशीच्या गल्ल्यांत आमच्या वाट्यास आला, आणि ते हसू आटोपले.

निमित्त कीर्तनाचे होते. ब्रह्माघाट, दुर्गाघाट, पंचगंगाघाट हा भाग म्हणजे काशीतील जुनी मराठी वस्ती. तेथील एका घरच्या उत्सवात आमची दोन कीर्तने ठरली होती. मुक्काम अवघा अडीच दिवसांचा. आमच्या सौभाग्यवतींच्या गुडघ्यांनी प्रवासास नकार दिल्यामुळे त्या घरीच राहिल्या. पण त्यांनी करून दिलेली यादी आमच्याबरोबर आली. तीत तेवीस नावे होती. देव, राजा आणि गुरू यांच्यापुढे रित्या हाताने जाऊ नये, असे शास्त्र सांगते. रित्या हाताने घरी परतू नये, हे घरच्या माणसांचे शास्त्र, आणि ते अधिक कडक! यजमानांसाठी बुक्का व तुळशीच्या माळा नेल्या होत्या, तेव्हा जातानाची पिशवी भरलेली होती. प्रश्न येतानाचा होता.

यादीच्या अखेरीस 'अक्का' एवढेच लिहिले होते. पुढे वस्तूचे नाव नव्हते. ती वस्तू आम्हांस ठाऊक होती.

अक्का म्हणजे आमच्या ज्येष्ठ भगिनी. वय ब्याऐंशी. आमच्याच वाड्यात, मागच्या सोप्यात त्यांचे बिऱ्हाड आहे. निघण्याच्या आदल्या दिवशी त्यांनी देवघरातील तांब्याचा गडू उचलला आणि आमच्या कानाशी हालविला. "ऐक," त्या म्हणाल्या. आम्ही ऐकले. आत काहीच वाजले नाही. साठ वर्षांपूर्वी आमच्या मातोश्रींनी काशीयात्रेहून आणलेला तो गंगेचा गडू. त्या वेळचे मावंदे आम्हांस पुसट आठवते. झाकण कथिलाने पक्के बंद केलेले; तरी सांध्यातून ओल हळूहळू उडून गेली असावी.

"वडील गेले तेव्हा आई म्हणाली, हा माझ्यासाठी राहू द्या. आई गेली तेव्हा घाईत कोणाला सुचले नाही. आता माझ्या वेळी फोडाल, आणि आत कोरडे निघेल. मला ओली गंगा आण रे. आणि बंद करून आणू नकोस, मला पाहू दे."

असो. पहिल्या दिवशी पहाटे पंचगंगाघाटी स्नान केले. तेथे अहिल्याबाई होळकरांचा हजारा दीपस्तंभ आहे. त्यास नमस्कार करून विश्वनाथाकडे निघालो. आज उभे असलेले विश्वनाथाचे मंदिर त्याच पुण्यश्लोक मातेने १७८० च्या सुमारास बांधविले, हे मराठी वाचकास सांगणे नको. १३ डिसेंबर २०२१ रोजी नवे धाम खुले झाल्यापासून गंगेच्या काठावरून प्रशस्त पायऱ्यांनी थेट देवापर्यंत जाता येते. ज्यांनी पूर्वीची अरुंद गल्ली, दोन्ही अंगांनी टांगलेल्या माळा आणि बांगड्यांची किणकिण पाहिली आहे, त्यांस हे मोकळे अंगण प्रथम परके वाटते. गर्दीत चेंगरलेल्या वृद्धांस मात्र विचारावे; ते नव्याचेच नाव घेतील.

खरेदीस आरंभ ठठेरी बाजारापासून केला. ठठेरी म्हणजे तांबट. ही पितळ-तांब्याची जुनी पेठ चौकाच्या अंगास आहे. आमच्या कन्येच्या मुलीचे लग्न मार्गशीर्षात ठरले होते, आणि नववधूस गौरीहरापाशी पुजावयाची अन्नपूर्णा आजोळाने द्यावी, अशी आमच्या घराण्याची रीत आहे. ती काशीचीच असावी, हा आमचा हट्ट. मूर्ती वजनावर मिळतात, वर घडणावळ. दुकानदाराने वीसेक मूर्ती पुढे मांडल्या. आम्ही प्रत्येक मूर्ती सपाट फळीवर ठेवून बोटाने हलविली. जिची बैठक डुगडुगते, ती तांदळाच्या वाटीत कशी स्थिर बसावी? मग मुख पाहिले, मांडीवर आडवी धरलेली पळी पाहिली. ओतकामात पळीचे टोक पुष्कळदा बोथट उतरते. तासभर गेला. दुकानदार कंटाळला नाही. उलट म्हणाला, "महाराज, घाई करू नका. ही घरी जाऊन पन्नास वर्षे बसावयाची आहे."

अन्नपूर्णेवरून आठवले. काशीहून नेलेल्या सर्वच वस्तू काही धर्माने नेलेल्या नसतात. अन्नपूर्णेची एक पाषाणमूर्ती एका कॅनडावासी गृहस्थाने १९१३ च्या भारतप्रवासात मिळविली. ती येथील घाटाकाठच्या देवस्थानातून चोरून त्यास विकण्यात आली होती. शंभराहून अधिक वर्षे ती परदेशी राहिली. पुढे रेजायना विद्यापीठाने ती परत केली आणि २०२१ च्या नोव्हेंबरात विश्वनाथधामात तिची स्थापना झाली. तिचे दर्शन घेताना आमच्या मनात आले की त्या गृहस्थासही घरी कोणी तरी पुसले असेल, प्रवासाहून काय आणले?

आता साडीविषयी. पाच वर्षांपूर्वी आम्ही येथे आलो असता, रिक्षावाल्याने नेले त्या दुकानातून सूनबाईंसाठी 'शुद्ध रेशमी' शालू घेतला होता. घरी आल्यावर गोंड्यातील एक धागा दिव्यावर धरला. खरे रेशीम केस जळाल्याच्या वासाने जळते आणि चिमटीत त्याची राख होते. आमचा धागा वितळला आणि त्याची टणक गोळी झाली. सूनबाईंनी तो शालू दोन सणांना निमूटपणे नेसला. त्या निमूटपणाचेच आम्हांस अधिक वाईट वाटले.

यंदा आम्ही शहाणे झालो होतो. यजमानांच्या ओळखीने मदनपुऱ्यातील एका विणकरांच्या घरी गेलो. वृद्ध गृहस्थ, पिढीजात माग. त्यांनी साडी उलटी करून दाखविली. कढुआ विणीत प्रत्येक बुट्टी स्वतंत्र विणतात, त्यामुळे पाठीमागे लोंबते धागे राहत नाहीत. फेकुआत धोटा या काठापासून त्या काठापर्यंत फेकतात आणि मागचे सुटे धागे मागाहून कातरतात. कढुआस वेळ अधिक, मोल अधिक. बनारसी वस्त्रांस २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, रेशमाच्या शुद्धतेचे चिन्हही सरकारने केले आहे. तरी यंत्रमागाची नक्कल त्याच गल्लीत त्याच नावाने विकली जाते, आणि गिऱ्हाईक ती स्वस्त म्हणून हसत नेते, हे सांगताना त्यांचा आवाज उतरला. आमचे बजेट बेताचे. कढुआची सबंध साडी परवडेना. तेव्हा कढुआ बुट्टीचा एक खणच घेतला. तो हाती देताना त्यांनी देवासाठी आहे काय, असे विचारले. सुनेसाठी, असे सांगताच त्यांनी घडीत वाळ्याची एक काडी घातली.

उरलेली यादी झरझर संपली. काळभैरवाचे काळे गंडे मुलाबाळांसाठी जुडीनेच घेतले. वजन नाही, मोल थोडे, आणि मागणारे पुष्कळ. सवाष्णींसाठी लाखकामाच्या लाकडी कुंकवाच्या डब्या, नातवासाठी एकीच्या पोटात दुसरी अशा बाहुल्या. रुद्राक्षांच्या फंदात पडू नये, असा आमचा अनुभव आहे. पाण्यात बुडाला तो खरा, ही परीक्षा दुकानदारांनी प्रसिद्ध केलेली आहे; तीवर विसंबू नये. साधा पंचमुखी घ्यावा, दुर्मीळ मुखांच्या नादी लागू नये.

गोपाळ मंदिराच्या गल्लीतील, १८९२ पासून संस्कृत ग्रंथ छापणाऱ्या चौखंबाच्या दुकानी मात्र आम्ही यादीत नसलेले दोन तास घालविले. काशीखंडाची एक प्रत घेतली. तेविसांत आमचे नाव नव्हते, ही उणीव आम्हीच भरून काढली. सौभाग्यवती हे वाचतीलच.

उरली गंगा. दशाश्वमेधावर बंद केलेल्या लहान गडूंच्या राशी असतात, पण अक्कांस उघडी हवी होती. म्हणून ठठेरी बाजारातूनच फिरकीचा तांब्या घेतला होता. तिसऱ्या दिवशी पहाटे नावेतून मध्यप्रवाहात निघालो. तांब्या पाहताच नावाडी म्हणाला, "महाराज, काशीची गंगा बाहेर नेत नाहीत. येथला किडामुंगीही मुक्त होतो; पाण्यासंगे नेलात तर त्याची मुक्ती चुकेल. गंगा न्यावी ती प्रयागची." ही समजूत काशीत आहे. आमच्याकडचे यात्रेकरू तर पिढ्यान्‌पिढ्या काशीची गंगा आणीत आले. शास्त्रार्थ आम्हांस करता आला असता, पण ज्याचे अन्न गंगेवर चालते त्याच्याशी नावेत बसून शास्त्रार्थ करवेना. प्रयाग सव्वाशे किलोमीटर, गाडी दुपारची. रिकामा तांब्या घेऊन आम्ही तसेच बसून राहिलो.

शेवटी भ्रमणध्वनी काढून अक्कांस विचारले. पलीकडे घंटा वाजत होती, पूजा चालली असावी. त्या म्हणाल्या, "आईचा गडू काशीचाच होता. नावाड्याला सांग, किडामुंगी दिसली तर काढून परत सोडतो."

आम्ही तसे सांगितले. तो हसला, आणि आमच्या हातून तांब्या घेऊन त्यानेच धारेत बुडविला. मग उजेडाकडे धरून आत निरखून पाहिले आणि फिरकी लावून दिली.

घरी आल्यावर निराळीच अडचण निघाली. अक्कांचा नातू वैद्यकीच्या अभ्यासास आहे. नदीच्या पाण्याच्या तपासण्या त्याने वाचलेल्या. हे पाणी कोणी पिऊ नये, असे त्याने स्पष्ट सांगितले, आणि त्याचे म्हणणे खोटे नव्हते. अक्का म्हणाल्या, "मी कुठे पिते आहे? ओठाला लावायचे ते तुम्ही लावाल, मला तेव्हा काय कळणार!" तांब्या देवघरात गेला. रोज सकाळी त्या फिरकी उघडून आत पाहत आणि पुन्हा बंद करीत.

नरक चतुर्दशीच्या पहाटे वाड्यातील एका बिऱ्हाडी बाळाचे पहिले अभ्यंगस्नान होते. अक्कांनी तांब्या मागविला आणि बाळाच्या बादलीत पळीभर गंगा घातली. ते पाहून शेजारच्या बिऱ्हाडाने विचारले, मग त्याच्या शेजारच्याने. वाड्यात सात बिऱ्हाडे. उजाडेपर्यंत तांब्या तळाला गेला. आम्ही थोडे रागानेच म्हणालो, "अक्का, ती तुझ्या वेळेसाठी होती ना?"

"नाथांची कावड नि ते तहानलेले गाढव, ते आख्यान तूच लावतोस ना रे?" एवढेच त्या म्हणाल्या. काशीच्या दुसऱ्या कीर्तनात आम्ही तेच आख्यान लावले होते, त्यामुळे आम्हांस बोलता येईना.

भाऊबिजेस त्यांनी आम्हांस ओवाळले. तबकात पाकीट ठेवू लागलो तर म्हणाल्या, "ओवाळणी बादल्यांत पोचली की." पाकीट आम्ही तरीही ठेवलेच, आणि त्यांनी ते घेतलेही.

परवा दिवाळीची साफसफाई झाली. अक्कांनी दोन्ही भांडी चिंचेने घासली आणि देवघरात शेजारी शेजारी मांडली आहेत. आईचा गडू न फोडलेला, आणि फिरकीचा तांब्या, झाकण काढून बाजूला ठेवलेले.