बुरशीशी भाऊबंदकी

माझ्या पिढीने शाळेत बुरशीची गणना वनस्पतींत केली. १९६९ साली रॉबर्ट व्हिटेकर यांनी तिला स्वतंत्र सृष्टीचा दर्जा दिला. १९९३ मध्ये बाल्डॉफ आणि पामर यांनी प्रथिनांची रचना ताडून दाखवले, की तिचे जवळचे नाते झाडांशी नसून प्राण्यांशी, म्हणजे आपल्याशी आहे.

हे नाते केवळ कागदोपत्री नाही. १९८७ मध्येच मेलानी ली आणि पॉल नर्स यांनी पेशीविभाजनाचे जनुक बिघडलेल्या यीस्टला माणसाचे तेच जनुक दिले होते. यीस्ट पुन्हा वाढू लागले! समान पूर्वजाची ही ठेव दोन्ही घराण्यांनी कोट्यवधी वर्षे जपली आहे.

पण भाऊबंदकी महागही पडते. २०२१ मध्ये करोनापाठोपाठ म्युकरमायकोसिस आला, तेव्हा महाराष्ट्राने ते पाहिले. अॅम्फोटेरिसिन-बी हे औषध बुरशीच्या पेशीपटलातील अर्गोस्टेरॉलला पकडते. आपल्या पेशींतले कोलेस्टेरॉल त्याचेच भावंड. म्हणून औषधाची झळ रुग्णाच्या मूत्रपिंडांनाही लागते. जीवाणू दूरचा, त्याला वेगळा टिपणे त्यामानाने सोपे. बुरशीवर औषध शोधणाऱ्याला मात्र आधी हेच पाहावे लागते, की तिच्यापाशी असे काय आहे, जे आपल्यापाशी नाही.