शर्यत तासांची, चित्र क्षणाचे

१९ एप्रिल १९६७. अमेरिकेतील बोस्टन शहराच्या वार्षिक मॅरेथॉन शर्यतीचा तो दिवस होता. कडाक्याची थंडी, पाऊस आणि हिमकणांचा मारा यांमुळे बहुतेक धावपटूंनी अंगभर कपडे घातले होते. त्यांच्यात २६१ क्रमांक लावलेली, सैल राखाडी पोशाखातील एक धावपटू होती. नोंदणीपत्रकात तिचे नाव ‘के. व्ही. स्विट्झर’ असे होते. ती स्त्री आहे हे आयोजकांच्या ध्यानात आले ते शर्यत सुरू झाल्यानंतर.

कॅथरिन स्विट्झर ही सिरॅक्यूज विद्यापीठातील वीस वर्षांची विद्यार्थिनी. वृत्तपत्रांच्या छायाचित्रकारांना घेऊन जाणारी गाडी तिच्याजवळ आली, तेव्हा एक मुलगी धावते आहे असा गलका गाडीत झाला. मागून येणाऱ्या बसमधून जॉक सेंपल हे शर्यतीचे अधिकारी खाली उतरले आणि धावत जाऊन तिच्या अंगावरील क्रमांक ओढू लागले. तिच्यासोबत धावणारा तिचा मित्र हातोडाफेकपटू होता. त्याने सेंपल यांना धक्का देऊन बाजूला सारले. हा सारा प्रकार काही सेकंदांत आटोपला. ‘बोस्टन ग्लोब’चे पॉल कॉनेल आणि इतर छायाचित्रकारांनी तो टिपला, आणि त्या चित्रांनी जगभर खळबळ उडविली. स्विट्झरने मात्र धावणे थांबविले नाही. सुमारे ४ तास २० मिनिटांत तिने शर्यत पूर्ण केली.

छायाचित्रकाराची कसोटी

मॅरेथॉनचे अंतर ४२.१९५ किलोमीटर. क्रिकेट वा कुस्तीचे चित्र घेणारा एका जागी बसून प्रसंगाची वाट पाहू शकतो. येथे प्रसंग रस्त्याने पुढे पुढे सरकत असतो. म्हणून धावपटूंच्या पुढे गाडी ठेवून तिच्या मागील बाजूने चित्रे घेण्याची पद्धत रूढ झाली. कॅमेऱ्याची झडप सेकंदाच्या पाचशेव्या भागापुरती उघडली की पळणारे पाऊल हवेत स्थिर दिसते. तीच सावकाश उघडून कॅमेरा धावपटूबरोबर फिरविला, तर धावपटू स्पष्ट उमटतो आणि मागची झाडे-घरे रेषांसारखी ओढली जातात. वेगाचा भास त्यातून होतो. टेलिफोटो भिंगाचा गुण निराळा. वीस मीटर अंतराने धावणारे दोघे त्या भिंगातून खांद्याला खांदा लावून धावल्यासारखे दिसतात. चित्र खोटे नसते, पण पाहणाऱ्याचा समज चुकू शकतो.

अनुभवी छायाचित्रकार आरंभाच्या गर्दीत फार वेळ घालवीत नाहीत. तेथे सर्वांचेच चेहरे टवटवीत असतात. बोस्टनच्या मार्गावर सुमारे ३३ किलोमीटरनंतर ‘हार्टब्रेक हिल’ नावाचा चढ लागतो. माणसाची खरी परीक्षा तेथे होते. शर्यतीचा विजेता मागे पडून दुसऱ्याचेच चित्र अजरामर होणे हेही या क्षेत्रात नवे नाही. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये इटलीचे दोरांदो पिएत्री अखेरच्या टप्प्यात वारंवार कोसळले. पंचांनी आधार देऊन त्यांना रेषेपार नेले आणि त्यामुळेच ते बाद ठरले. सुवर्णपदक अमेरिकेच्या जॉनी हेझ यांना मिळाले. पिएत्रींचे ते चित्र आजही छापले जाते. हेझ यांचे नाव किती जणांच्या स्मरणात आहे?

नियम कसा बदलला

त्या काळी अमेरिकेतील हौशी क्रीडासंघटना स्त्रियांना दीड मैलाहून लांबची शर्यत धावू देत नसे. अधिक अंतर स्त्रीच्या शरीराला झेपत नाही, हे त्यामागील कारण. बोस्टनच्या चित्राने या समजुतीला शब्दांवाचून उत्तर दिले: धावणारी स्त्री धडधाकट होती, अडथळा आणणारा हात दुसऱ्याचा होता. अर्थात चित्र छापले आणि नियम बदलला, इतके हे सोपे झाले नाही. उलट संघटनेने प्रथम स्विट्झरवरच कारवाई केली. १९७२ साली बोस्टनमध्ये स्त्रियांना अधिकृत प्रवेश मिळाला. त्या वर्षी आठ स्त्रिया धावल्या, आठही जणींनी शर्यत पूर्ण केली. १९७३ मध्ये त्याच सेंपल यांनी आरंभरेषेवर स्विट्झरचे स्वागत केले, आणि त्याचेही छायाचित्र निघाले. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची मॅरेथॉन प्रथमच झाली. अमेरिकेच्या जोन बेनॉइट विजयी झाल्या.

चौकटीबाहेरची धावपटू

या गाजलेल्या चित्रात एक स्त्री मुळीच दिसत नाही. १९६७ च्या त्याच शर्यतीत बॉबी गिब नावाची तरुणी स्विट्झरच्या जवळजवळ एक तास आधी पोहोचली होती. तिच्याकडे क्रमांक नव्हता. १९६६ मध्ये तिचा अर्ज नाकारला गेला, तेव्हा आरंभस्थानाजवळच्या झुडपांत दडून ती धावकांत मिसळली आणि ३ तास २१ मिनिटांत तिने अंतर तोडले. तिला कोणी अडविले नाही, म्हणून तसे नाट्यमय चित्रही निघाले नाही. आयोजकांनी तिचे तीन वर्षांचे विजय मान्य केले ते १९९६ साली.

महाराष्ट्रातही पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ पासून आणि मुंबईची २००४ पासून सुरू झाली. सातारा जिल्ह्यातील दुष्काळी माण तालुक्यातल्या मोही गावच्या ललिता बाबर मुंबईत भारतीय स्त्रियांमध्ये पहिल्या आल्या आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीपर्यंत पोहोचल्या. फीत तोडतानाच्या चित्रात मोहीचा रस्ता दिसत नाही. तो शब्दांतच सांगावा लागतो.

शाळा, तालुका वा पंचायतीच्या शर्यतीची चित्रे बहुधा बक्षीस-समारंभाची असतात. त्यांत पाहुण्यांची नावे पूर्ण, तर धावणाऱ्या मुलीचे नाव ‘विजेती विद्यार्थिनी’ एवढेच. चित्रामागे तिचे पूर्ण नाव, गाव, शर्यतीचे अंतर, लागलेला वेळ व दिनांक त्याच दिवशी पेन्सिलीने लिहून ठेवावा. संगणकात जपलेल्या चित्रासाठीही हीच नोंद करता येते. आणि शेवटचा धावपटू येईपर्यंत कॅमेरा अंतिम रेषेवर ठेवावा.